जर्किनीतली रिंग

पाखरू जाळ्यात ज्या बाजूनं शिरलं त्याच बाजूनं बाहेर काढायचं. आधी पाय सोडवायचे, मग पंख, डोकं शेवटी. पुस्तकातही हेच लिहिलेलं आहे. पण पुस्तक पाठ करून मी पहिल्या सकाळी जाळ्यापाशी गेले आणि एका वटवट्याच्या पंखाभोवती असा काही गुंता करून ठेवला की मलाच रडू फुटायची वेळ आली. मागून भाऊ आले, आमच्याकडे जाळ्यांवर काम करणारे. म्हणाले, "सरक बाजूले. तू त्याले ओल्या कपड्यावानी पिळून राह्यली." मग दोन बोटांनी एक धागा इकडे, एक तिकडे, आणि पाखरू मोकळं. मला हातही लावू दिला नाही.

भाऊ आता आमच्या केंद्रावर येत नाहीत. माझ्यामुळे येत नाहीत. ही गोष्ट मी बऱ्याच जणांना वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून पाहिली, आणि दर वेळी त्यातून स्वतःला थोडं थोडं सोडवून घेतलं. आता जशी झाली तशी सांगते.

केंद्र म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही. एका जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर पाटबंधाऱ्याची पडीक चौकी होती, तिच्या दोन खोल्या आम्हाला मिळालेल्या. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला जंगल, आणि तलावाच्या काठानं बेशरमची दाट झुडपं. हिवाळ्यात पार रशियाकडून लहान लहान पाखरं येतात आणि त्या झुडपांत चार-पाच महिने काढतात. नोव्हेंबर ते मार्च, रोज उजाडायच्या आत आम्ही काळ्या बारीक धाग्याची जाळी ताणायची. अर्ध्या अर्ध्या तासानं फेरी मारायची, अडकलेलं पाखरू काढून कापडी थैलीत घालायचं, टेबलावर आणायचं. पायात नंबर असलेली ॲल्युमिनियमची रिंग घालायची, पंख मोजायचा, वजन करायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं आणि सोडून द्यायचं. पुढं कधी तेच पाखरू इथं किंवा आणखी कुठं सापडलं, तर नंबरावरून कळतं की हे कोण, कुठलं. सगळा खेळ त्या नंबराचा. नंबर चुकला तर आम्ही नुसतेच पाखरांना घाबरवणारे लोक.

भाऊ जवळच्या गावातले, ढिवर, साठी ओलांडलेले. हयात तलावात मासोळ्या धरण्यात गेली. जाळं हा त्यांच्या हाताचाच भाग म्हणा. शाळेत गेलेले नाहीत. रजिस्टरमध्ये 'पक्षी कुणी काढला' असा एक रकाना असतो, तिथं ते सही म्हणून एक छोटी मासोळी काढायचे. एक रेघ, एक पोट, एक शेपूट. पानंच्या पानं मासोळ्यांनी भरलेली असायची, मधूनच कुठं माझी सही. वटवट्याला ते टकटक्या म्हणायचे, कारण झुडपात बसून तो तसंच बोलतो, आणि रिंगेला वाळा म्हणायचे. गावात लोक हसायचे, "पकडते अन् सोडते, खात बी नाई." भाऊ म्हणायचे, "तुम्ही खा ना बाप्पा, तुमाले कोन धरलं?"

मी नागभीडची. वडील रेल्वेत गँगमन होते. माझ्या आजोबांचा सगळीकडे अंगठा, वडिलांची सही, आणि मी एम.एस्सी. आमच्या घरी, आमच्या विहारात, याचं किती कौतुक झालं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते की 'अंगठेबहाद्दर' हा शब्द आमच्या घरात कुणी कुणाला वापरला असता तर वडिलांनी त्याला दाराबाहेर काढलं असतं. राग तेवढा माझ्या नाकावर असतो, तो आईकडून आला. चौथ्या हंगामानंतर सर म्हणाले होते की पुढच्या वर्षी तुमच्या स्वतःच्या नावानं परवान्याची शिफारस करतो. सर म्हणजे केंद्राचे प्रमुख, वर्षातून तीन-चारदा यायचे, एरवी फोनवर. स्वतःचा परवाना म्हणजे मी कुठंही माझ्या हिमतीवर काम करू शकले असते. मी त्याच्या स्वप्नात होते.

पाचव्या हंगामात, नोव्हेंबरातच, भाऊ एक थैली घेऊन टेबलापाशी आले. हसत होते. "बाई, पाव्हना आला. वाळा घालून."

परत आलेलं पाखरू. सगळ्या हंगामात अशी दोन-चारच मिळतात. मी भिंगातून नंबर वाचला, जुनं रजिस्टर काढलं, ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं: माशीमार, नर, गळा लाल. माझ्या मुठीत होता वटवट्या. डोक्यापासून शेपटीपर्यंत मातकट, लाल म्हणाल तर औषधालाही नाही.

मी नंबर पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. रजिस्टरमध्ये एक ओळ वर पाहिलं, तिथं वटवट्या होता, आणि त्याच्या पंखाचं माप हातातल्या पाखराशी तंतोतंत जुळत होतं. अक्षर माझंच.

काय झालं असणार ते मला तिथंच कळलं. रिंगा तारेत ओवलेल्या माळेत येतात, शंभराची एक माळ, ओळीनं नंबर. नियम असा की प्रत्येक रिंग घालताना तिचा नंबर वाचायचा आणि मग लिहायचा. पण सकाळी थैल्यांची रांग लागते, पाखरं फार वेळ ठेवता येत नाहीत, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच पानावर नंबर ओळीनं लिहून ठेवायचे. सकाळी भाऊ माळेतून रिंग काढून द्यायचे, मी घालायचे आणि पुढच्या ओळीत पाखराचं नाव भरायचे. माळेतली एक रिंग जरी मधेच गेली आणि ती लिहायची राहिली, की तिथून पुढचं प्रत्येक पाखरू दुसऱ्याच्या नावावर जातं. एक रिंग तशी गेली होती. कुठं गेली, हे काही मला आठवेना. आणि ती जागा कळत नाही तोवर त्या माळेतलं एकही पाखरू भरवशाचं नव्हतं.

मी सरांना कळवलं, ते चौथ्या दिवशी आले. मागच्या वर्षीची उरलेली माळ त्यांच्या पेटीत होती, ती काढून पाहिली. तिची पहिली रिंग रजिस्टरप्रमाणे यायला हवी होती त्याच्या एकानं पुढे निघाली. म्हणजे एक रिंग हरवली हे नक्की झालं.

"माळेतून रिंगा काढून कोण द्यायचं?" सरांनी विचारलं.

"भाऊ," मी म्हणाले.

"त्यांना आकडे वाचता येतात?"

"नाही."

दोन्ही उत्तरं खरी होती. तिसरं उत्तर असं होतं की नंबर वाचायचं काम त्यांचं नव्हतंच, माझं होतं, आणि पानावर आधी नंबर लिहून ठेवायची शक्कलही माझीच. ते मी दिलं नाही. विचारलंच नाही तर कशाला सांगायचं, असं मनाशी म्हणाले आणि मूग गिळून बसले.

सर म्हणाले, "हातून पडली असेल. घाबरून सांगितलं नसेल. चूक आपलीच, अंगठेबहाद्दर माणसाच्या हातात माळ द्यायलाच नको होती."

भाऊ नळापाशी थैल्या धूत होते, फार तर दहा हातांवर. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते. त्यांनी हातातली थैली पिळली, झटकली, तारेवर टाकली, दुसरी घेतली. सगळ्या थैल्या वाळत घालून झाल्यावर सर त्यांच्याजवळ गेले आणि चांगल्या शब्दांत सांगितलं की या हंगामात तुम्ही आराम करा. भाऊ म्हणाले, "बराबर हाय." सायकलला अडकवलेला पंचा खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

वडिलांनी ज्या शब्दासाठी कुणालाही घराबाहेर काढलं असतं तो शब्द माझ्यासमोर उच्चारला गेला, आणि मी पेन्सिलीला टोक करत बसले. हे मी विसरू शकत नाही.

त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. त्या माळेतली आणखी पाखरं सापडली पाहिजेत. नंबर आणि नाव जुळणारं एखादं मिळालं की कळेल, चूक याच्या पुढं आहे. न जुळणारं मिळालं की कळेल, याच्या मागं आहे. दोन्ही बाजूंनी आवळत आणलं तर ती जागा सापडेल, मग तारीख सापडेल, आणि तारीख सापडली तर आठवेल तरी काय झालं होतं. आणि मला खात्री होती, अगदी शंभर टक्के, की तसं झालं की भाऊंवरचा आळ जाईल. माझ्या हातून काही झालं असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं मी म्हणत नाही. यायचं. आलं की मी ते हाकलून लावायचे.

आमच्यासोबत एक तिसरा गडी होता, वरकामासाठी घेतलेला, जवळच्याच गावचा. त्याला मी जाळ्यावर लावलं. दोघांनी मिळून सगळी जाळी उघडायची, फेऱ्या मारायच्या. मी पाखरू पाहायच्या आधी त्याचा पाय पाहायला लागले. रिंग नसेल तर माझं तोंड उतरायचं. डिसेंबरात एक मिळालं, जुळणारं. मग एक न जुळणारं. शंभरातले संशयाचे तीस-पस्तीस नंबर राहिले. मग काहीच नाही. रोज पहाटे दव पडलेल्या बांधावरून जायचं, ओलं जाळं ताणायचं, आणि दहा वाजता रिकाम्या हातानं गुंडाळायचं. पाखरं असायची, पण मला हवी ती नसायची. येईल, येईल करत डिसेंबर गेला. मी त्या गड्यावर ओरडायचे, चहावर ओरडायचे, बेशरमच्या झुडपांवरही ओरडले असेन. तो बिचारा एकदा म्हणाला, "मॅडम, पाखरायले का मालूम तुमाले कोनतं पायजे ते."

आणि जानेवारीत माझ्या हातात एक माशीमार मेला. थंडी मरणाची होती, तो जाळ्याच्या कप्प्यात दोन वेढे घेऊन अडकला होता, जीभसुद्धा धाग्यात गेलेली. भाऊ असते तर त्यांनी चुटकीसरशी काढला असता. मला किती वेळ लागला कोण जाणे. पाय सुटले, एक पंख सुटला, आणि मग तो ढिला पडला. मी त्याला मुठीत धरून फुंकर घालत राहिले, स्वेटरच्या आत धरलं. काही उपयोग झाला नाही. सात-आठ ग्रॅमचा जीव. रजिस्टरमध्ये 'मृत' लिहिलं, आणि 'कुणी काढला' या रकान्यात माझं नाव लिहावं लागलं. इतक्या मासोळ्यांत 'मृत' लिहिलेली ओळ मी कधी पाहिली नव्हती.

फेब्रुवारीत दोन दिवसांसाठी घरी गेले. कुर्त्याचं बटण तुटलं होतं. आईचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात बटणं, पिना, तुटलेल्या माळांचे मणी, सगळं राहतं. मी बटण शोधायला डबा गादीवर उपडा केला. त्यात एक पांढरं, चेपलेलं, भाताच्या शितासारखं काहीतरी होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं, पण मला दिसत होतं काय आहे ते.

"तुह्या जर्किनीत होतं. मागच्या साली धुतली तवा," आई म्हणाली. "मले वाटलं, चांदीचं असन. कामाचं हाय का?"

मी ते खिडकीपाशी नेलं. नंबर चेपला होता, पण वाचता येत होता. आमच्या त्या तीस-पस्तिसांतलाच होता.

मग सगळं आठवलं, आणि ते अगदी साधं होतं. मागचा डिसेंबर. तिसरा गडी धान मळायला, चुरणीला गेलेला, टेबलावर मी आणि भाऊ दोघंच. माझ्या डाव्या मुठीत माशीमार, उजव्या हातात पक्कड, आणि खांदा वर करून कानाशी धरलेला फोन. फोनवर घरून माझा सख्खा मोठा भाऊ. म्हणत होता, रविवारी पाव्हणे पाहायला येऊन राह्यले, मुलगा कंपनीत आहे, तू ये. मी म्हटलं, रविवारी जाळी आहेत. तो म्हणाला, "धरत बस मंग जिंदगीभर चिमण्या." माझं डोकं फिरलं. फिरलेल्या डोक्यानं मी पक्कड दाबली आणि रिंगेची टोकं एकावर एक चढली. तशी रिंग पायाला कापते. भाऊंनी पाय धरला, मी ती उघडून काढली, आणि जमिनीवर टाकायची नाही म्हणून जर्किनीच्या खिशात टाकली. भाऊंनी दुसरी दिली, ती घातली. फोनवर भांडण चालूच होतं. रजिस्टरमध्ये चेपलेल्या रिंगेच्या ओळीत 'नष्ट' लिहायचं असतं. मी तिथं मुठीतला माशीमार लिहिला आणि पुढची थैली घेतली.

आता तुम्ही म्हणाल, सापडलं ना, मग सुटले की सगळे. एक फोन करायचा. सरांना नंबर सांगायचा, माळ जुळते, हंगाम वाचतो, भाऊ मोकळे होतात. मीही हेच म्हणाले. आणि ती रिंग पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, चेन लावली, आणि दोन आठवडे कुणाला काही बोलले नाही.

त्या दोन आठवड्यांत सरांनी परवान्याचा अर्ज पाठवला. मी तो भरला. 'कामातील अचूकता' अशी एक ओळ होती, तिथं सरांनी माझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले होते. ते मी दोनदा वाचले. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, अर्ज जाऊ दे, मग सांगू. जेवण जाईना. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि चोर अर्जावर फोटो चिकटवत होता. मला स्वतःची किळस यायची, आणि तरी मी सांगत नव्हते. भीती परवान्याची होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती की घरी, विहारात, सगळीकडे लोकांना कळेल की लिहिता-वाचता येणाऱ्या बाईची चूक तिनं न येणाऱ्या माणसावर जाऊ दिली.

मग एका बाजाराच्या दिवशी मला भाऊ दिसले. ताडपत्री टाकून मासोळ्या घेऊन बसले होते. मी दोन दुकानं सोडून उभी होते, त्यांनी मला पाहिलं नाही. एक गिऱ्हाईक त्यांना म्हणालं, "काय गा, या मासोळ्यायले वाळे नाई घातले का? का हरपले?" आजूबाजूचे हसले. भाऊही हसले. दात दाखवून, त्या लोकांबरोबर, हसले, आणि तराजू उचलला.

मी तिथून निघाले, बसस्टँडच्या मागं जाऊन उभी राहिले आणि सरांना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. नंबर आधी लिहून ठेवायचे तेही सांगितलं.

सर म्हणाले, "थांबा, थांबा. नंबर सांगा."

मी सांगितला. तिकडे कळफलकाचा आवाज आला. "म्हणजे इथून पुढं एक-एक सरकवायचा. जुळतंय. अहो, सगळं जुळतंय." ते खूश होते. खरंच खूश होते. मग म्हणाले की परवान्याचं या वर्षी राहू द्या. मी हो म्हणाले. भाऊंचं मीच विचारलं. सर म्हणाले, "हां, त्यांना सांगा ना, पुढच्या हंगामात या म्हणावं."

त्यांच्या लेखी तेवढ्यात मिटलं.

मार्चच्या शेवटी मी भाऊंच्या घरी गेले. अंगणात मोहफुलं वाळत टाकली होती. भाऊ खाटेवर बसून जाळं विणत होते, पायाच्या अंगठ्यात एक टोक अडकवलेलं. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं आणि रिंग त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती तळहातावर घेतली, उजेडात धरली.

"हे तं मले मालूम होतं," ते म्हणाले.

मला वाटलं मी काहीतरी भलतंच ऐकलं.

"मी पाह्यलो ना त्या रोजी. तू जर्किनीत टाकली. मले वाटलं, तू लिवली असशीन. लिवनं तुहं काम."

"मग सरांना काऊन नाही सांगितलं भाऊ? त्याच दिवशी सांगायचं होतं."

"मी सांगतलो असतो तं कोन आयकलं असतं?" त्यांनी अंगठा वर करून दाखवला. आवाज चढलेला नव्हता. "अन् तू होती ना तिथी. मी म्हटलं, आता बोलन. मंग सायकल काढली तवा म्हटलं, आता बोलन. घरी आलो तं बुढी म्हने, काऊन आले लवकर. म्हटलं, उद्या बाई येईन बलावाले." त्यांनी जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. "लय रोज वाट पाह्यली मी."

मी म्हणाले, माझं चुकलं, मला माफ करा. म्हणाले, सरांनी तुम्हाला बोलावलं आहे. म्हणाले, मी गावात सगळ्यांना सांगते, बाजारात उभी राहून सांगते. भाऊ ऐकत होते आणि जाळ्याची गाठ मारत होते. शेवटी म्हणाले, "ते सांग तू. सांगाले पायजे. मी आता नाई येत." आणि रिंग माझ्या हातात परत दिली.

मी बाजारात सांगितलं. लोकांनी ऐकलं, थोडे दिवस मला हसले, मग विसरले. भाऊ आले नाहीत. नोव्हेंबर उजाडला, मी दोनदा निरोप पाठवला. उत्तर आलं नाही.

आता रिंगेचा नंबर मी मोठ्यानं वाचते, मग लिहिते, आणि तिसऱ्या गड्याला पुन्हा वाचायला लावते. वेळ लागतो. लागू दे. पण जाळ्याचं काही मला अजून भाऊंसारखं जमत नाही. डिसेंबरात एक गप्पीदास असा अडकला की मला तो माशीमार आठवला आणि मी कात्री काढली. पाखराचा जीव महत्त्वाचा, धागा कापायचा, तोही नियमच आहे. भाऊंच्या काळात ती कात्री गंजून गेली होती. गप्पीदास उडाला, जाळ्याला भोक पडलं. आमच्याकडे ते भरणारं कुणी नव्हतं.

मी जाळं थैलीत घालून भाऊंच्या अंगणात गेले. त्यांनी ते घेतलं, पाहिलं, "ठेव. परवा नेजो," म्हणाले. परवा गेले तर जाळं कुंपणाला टांगलेलं, भाऊ तलावावर गेलेले. भोक कुठं होतं तेही ओळखू येत नव्हतं. जानेवारीत पुन्हा एकदा तसंच झालं. तेव्हाही जाळं कुंपणावर, भाऊ नाहीत.

मग फेब्रुवारी लागला. पाखरं कमी व्हायला लागली, जाळ्यांना काही होईना. एका सकाळी फेरी संपल्यावर मी तिसऱ्या जाळ्यापाशी उभी होते, त्यात काहीही अडकलेलं नव्हतं, आणि मी कात्री काढून चांगल्या जाळ्याचे चार धागे कापले. का कापले ते मला ठाऊक होतं. हंगाम संपत आला होता आणि त्या अंगणात जायला माझ्याजवळ दुसरं काही निमित्त नव्हतं.

त्या दिवशी भाऊ घरी होते. त्यांनी जाळं गुडघ्यावर पसरलं, भोकापाशी आले, आणि कापलेलं टोक दोन बोटांत धरून फिरवलं. पाखरू तडफडतं तेव्हा आजूबाजूचे धागेही ताणलेले, पिळलेले असतात. इथं तसं काहीच नव्हतं.

"इथी तं पाखरू नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं," मी म्हणाले. "मीच कापलं भाऊ. तुमच्याकडे यायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थैल्या वाळत घालून सायकल काढताना पाहिलं होतं, तेवढाच वेळ. या वेळी मी मान खाली घातली नाही.

मग ते खाटेवर जरा सरकले, जाळ्याचं एक टोक माझ्याकडे टाकलं, आणि म्हणाले, "धर. तानून धरजो."